टाकीच्या तोंडाशी

सुभानपुरा, बडोदे
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप ताईस,
निरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

एकाच गावात राहून पत्र लिहायची वेळ आली. फोन तू उचलत नाहीस, आणि परवा रावपुऱ्यात आले तर भाऊजींनी दारातूनच परत पाठवलं. गजेंद्रच्या तेराव्यालाही त्याच्या मावशीला जागा नव्हती. राग असू दे, पण एवढं वाच.

आमच्या अनीशने माणसं अडवली म्हणून गजू गेला, असा जबाब भाऊजी पोलिसांत देणार आहेत म्हणे. झालं ते असं. आपली पोरं कामाला जायची त्या गोरव्याच्या कारखान्यात टाकी धुवायला उतरलेला कामगार आतल्या वायूने कोसळला. त्याला काढायला गजू उतरला, तोही पडला. अनीश धावत पोचला तेव्हा दोघं तळाशी निपचित होते आणि बाकीचे उतरायच्या बेतात होते. त्याने टाकीचं तोंड अडवलं. "कोई अंदर ना जशो!" म्हणून ओरडला. पंखा लावून आत हवा सोडायला सांगितली, बंबवाल्यांना बोलावलं. ते आले तोवर उशीर झाला होता.

एवढं कसं सुचलं विचारलं, तर म्हणाला, गेममुळे. आमच्या गॅलरीत ही पोरं मोबाइलवर खेळत बसायची, तू त्यांना अंगठेबहाद्दर म्हणायचीस, आठवतं? त्यातही गजू पडलेल्या गड्याकडे आधी धावायचा, मग त्याच्यामागे सगळेच मरायचे. अनीश म्हणतो, "आधी गोळी कुठून आली ते बघायचं, हे तिथे शंभरदा मरून शिकलो, आई."

आता तो जेवत नाही, खेळतही नाही.

माया आटू देऊ नकोस.
तुझी निरू


रावपुरा, बडोदे
१६ सप्टेंबर २०२५

चि. निरुपमास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, खेळात मेलेला पुन्हा उठतो, तसंच वाटलं असेल तुमच्या अनीशला. आमच्याकडे दसऱ्याला तलवार पुजतात. पडलेल्याला टाकून मागे उभं राहायचं, हे या घरात कोणी कोणाला शिकवलेलं नाही. गजूने घराण्याचं नाव राखलं. जबाब सोमवारी आहे. मी मध्ये पडणार नाही.

अविनाशही तिथेच कामावर होता, पण भावाचा विषय काढला की ताटावरून उठतो. दंडावर काळानिळा वळ आहे. कुठे लागलं, ते सांगत नाही.

गुडघ्याला तेल लावत जा.
मोहना


सुभानपुरा, बडोदे
१८ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. नमस्कार.

वळ कसला ते अविनाशलाच विचार. सोमवारच्या आत विचार. अनीशने त्याला शब्द दिलाय, म्हणून मी लिहीत नाही.

तुझीच,
निरू


रावपुरा, बडोदे
३ ऑक्टोबर २०२५

चि. निरूस,
अनेक आशीर्वाद.

मी विचारलं तेव्हा अविनाश बाही खाली ओढून निघून गेला. त्या सोमवारी सकाळी हे जबाबाला जायला शर्ट घालत होते, तेव्हा आपणहून बोलला. भावामागे उतरायला त्याने शिडीवर पाय ठेवला होता. अनीशने दंडाला धरून ओढलं, खाली पाडलं आणि त्याच्या छातीवर बसून राहिला. तिथूनच बाकीच्यांना काय करायचं ते सांगत होता. अविनाश त्याला चावला, आईवरून शिव्या दिल्या. भाऊ आत गेला आणि आपण बाहेर जिवंत राहिलो, याची त्याला लाज वाटत होती. म्हणून कोणाला सांगू नको म्हणाला होता.

हे बटणं न लावताच खाली बसले. गेले नाहीत.

काल दसऱ्याला तलवार बाहेर काढली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "दोन्ही मुलगे द्यायला निघालो होतो मी." अनीशबद्दल मात्र एक शब्द बोलले नाहीत. बोलतील असं आता म्हणवत नाही.

सोबत आपट्याचं पान आहे. ह्यांनी दिलेलं नाही, मीच पाठवते आहे. अनीशला दे, आणि मावशीने जेव म्हटलंय म्हणून सांग. पण इतक्यात त्याला इकडे पाठवू नकोस. तो आणि गजू कायम जोडीनेच यायचे. दार उघडलं की मी आधी त्याच्या मागे बघेन.

तुझी,
ताई