वळणावरचा उंचवटा आणि तुमच्या कपाटातलं विधेयक

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामीच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल तर हे पत्र तिच्याकडून वाचून घ्या. माझं अक्षर तुम्हाला कधीच लागलेलं नाही. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. आई बरी आहे. मी बरी नाही. मी चिडलेली आहे, आणि जिच्यावर चिडले आहे ती वस्तू तुमच्याच कचेरीत, विधेयकांच्या शाखेत, बहुधा तुमच्याच कपाटात पडून आहे. (तुम्ही तिथे नुसते कारकून आहात हे ठाऊक आहे. पण अख्ख्या राज्य सरकारात मला हक्काने बोलता येईल असं दुसरं कोणी नाही.)

विधेयक कुठलं ते ओळखलंच असेल. रस्त्यावर गतिरोधक कुठे घालायचा, पांढरे पट्टे कुठे मारायचे, बाक कुठे ठेवायचं, हे यापुढे शहराने ठरवायचं नाही, राज्य ठरवणार. सव्वा वर्षापूर्वी मांडलंत. मंजूर करत नाही, मागे घेत नाही. तुमच्याकडे ते नुसतं पडून आहे. आमच्या नगरपालिकेच्या मात्र ते छातीवर बसलंय. मी रस्ते खात्यात अभियंता आहे, पण सव्वा वर्षात साधं बाक हलवू शकलेले नाही. आमच्या विधी अधिकाऱ्यांना सगळे ‘तूर्तास’ म्हणतात, कारण त्यांचा प्रत्येक शेरा त्याच शब्दाने पाय रोवतो.

शाळेजवळचं वळण तुम्ही पाहिलेलं नाही. उतारावरून मालाचे ट्रक सुसाट येतात आणि शाळेचं फाटक उघडतं ते थेट वळणावर. समोर लाँड्री, शेजारी औषधांचं दुकान, मध्ये मुलं. तिथे सिस्टरबाई रोज सकाळ-दुपार लाल फडकं घेऊन उभ्या राहायच्या. सिस्टरबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या निवृत्त परिचारिका. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, पण त्यांनी हात वर केला की ट्रकवाला निमूट थांबायचा (मीसुद्धा एकदा चालत असताना थांबले होते).

मी प्रस्ताव केला : एक गतिरोधक, दोन पाट्या. तूर्तासांनी शेरा मारला, “सदर अधिकार राज्याकडे जाण्याचे प्रस्तावित असल्याने तूर्तास निर्णय घेऊ नये.” मग मी रजा टाकून तुमच्या राजधानीत आले. (घरी न येता परत गेले, त्याबद्दल मामीने काय ते ऐकवावं.) तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी मला बसवून घेतलं, नकाशा पाहिला, आणि म्हणाले की कायदा झालेलाच नाही तर आम्ही कसं ठरवणार, अधिकार अजून तुमचेच आहेत. मी ते लेखी मागितलं, त्यांनी दिलं. तो कागद मी परतीच्या प्रवासात मांडीवरून खाली ठेवला नाही. तूर्तासांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “‘अजून’ म्हटलंय. अजून म्हणजे कधीपर्यंत, ते कुठे लिहिलंय?”

त्यानंतर पंधराच दिवसांत एका ट्रकने सिस्टरबाईंना उडवलं. मुलं वाचली, कारण त्यांनी ती मागे ढकलली होती. त्यांचं मनगट आणि खुबा मोडला. मी रुग्णालयात गेले, आणि लाजेने त्यांना सगळी फाइलच सांगत बसले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुझं ते विधेयक कुठल्या रस्त्याने येतंय ते सांग. बरी झाले की तिथेही जाऊन उभी राहते.” मला हसू आलं नाही, मामा. जिन्यात येऊन मी रडले.

त्याच आठवड्यात वळणावर पाण्याची मुख्य वाहिनी फुटली. (मी फोडली नाही. आईची शपथ.) दुरुस्तीला कोणाची परवानगी लागत नाही. मुकादमाने रस्ता आडवा खणला, वाहिनी जोडली आणि खड्डा किती भरू म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, “मन लावून भरा.” गडी मनापासून कामाचा निघाला. दुसऱ्या दिवशी या कडेपासून त्या कडेपर्यंत डांबराचा असा उंचवटा उभा होता की ट्रक त्याच्यापुढे गोगलगाईसारखे यायला लागले.

चौथ्या दिवशी नगराध्यक्षांची गाडी त्यावरून गेली. त्यांचं डोकं छताला लागलं. उंचवटा तत्काळ काढा, असा लेखी आदेश आला. फाइल तूर्तासांकडे गेली आणि संध्याकाळी परत आली : “उंचवटा काढणे हीदेखील गतिरोधकविषयक कार्यवाही ठरते. विधेयक प्रलंबित असल्याने तूर्तास जैसे थे.” मी त्यांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी मान वर केली नाही. सिस्टरबाई आता उठून बसतात का, एवढंच विचारलं.

पण मामा, ही काय रीत झाली? वळण आमचं, मुलं आमची, मोडलेला खुबा आमचा. आणि चार टोपल्या डांबर टाकायला मी वाहिनी फुटायची वाट पाहायची? तिकडच्या मंडळींना सांगा, त्या विधेयकाचं एकदाचं काय ते करा. माझं ऐकाल तर फाडाच.

मामीला नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची भाची

ता. क. : फाडणं तुमच्या हातात नसेल, तर निदान कपाटाची किल्ली हरवून पाहा.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवणार तोच बातमी आली, की विधेयक काल मागे घेतलं. आता सगळे अधिकार आमचेच. नगराध्यक्षांनी लगेच सोमवारी सभा बोलावली आहे. पहिला विषय, शाळेजवळचा उंचवटा काढणे. माझा गतिरोधकाचा प्रस्ताव सव्विसावा. मामा, वर लिहिलेलं सगळं विसरा. मसुदा अजून तुमच्याकडेच असेल ना? कोणाला तरी सांगून पुन्हा मांडायला लावा. मंजूर नका करू, नुसतं मांडा. पण सोमवारच्या आत.