सूर्य मावळेपर्यंत

प्रिय नॉर्मंड,

शुक्रवार, १२ जुलै, संध्याकाळचे सात वाजून त्रेचाळीस मिनिटं. सूर्य बेसबॉल मैदानाच्या समोरच्या कुंपणावर येऊन टेकला, थेट फलंदाजाच्या डोळ्यांत, आणि पंचाने सामना थांबवला नाही. जाळीपाशी जाऊन मी त्याला विचारलं, तर म्हणतो, "बाई, मॅनेजरसाहेबांचा हुकूम आहे. थांबलं की इंटरनेटवरचे प्रेक्षक पळतात." मॅनेजरसाहेब म्हणजे तू. ज्याचं नाक मी त्याच बाकांवर पुसलं, तो.

मग तुझा रखवालदार आला. "आजी, खाली बसा, मागच्यांना दिसत नाहीये." मी म्हटलं, "मागच्यांचं राहू दे, त्या समोरच्याला दिसत नाहीये!" सगळे बाक हसले आणि मला दंडाला धरून फाटकाबाहेर काढण्यात आलं. त्याचा राग नाही. माझ्याहून पुष्कळ चांगल्या बायकांना लोकांनी बाहेर काढलंय.

आपलं मैदान उलटं बांधलंय हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ज्यांनी बांधलं त्यांच्या काळी दिवे नव्हते, सामने दुपारी उरकायचे. संध्याकाळी कोणी खेळेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून तर आपण सूर्य मावळेपर्यंत थांबतो. दुसऱ्या गावचे हसतात, हसोत. कॉन्व्हेंटमधून सिस्टर क्लोतील्द आम्हाला सामन्याला आणायची आणि थांबा झाला की जपमाळ काढायला लावायची. "मुलींनो, देवाने सामना थांबवलाय, तुम्ही जिभा थांबवा." आम्ही जपमाळेआडून पलीकडच्या बाकांवरची मुलं बघायचो. तुझ्या आईने तुझ्या बापाला तिथेच हेरलं.

पण थांबा पहिल्यापासून सक्तीचा नव्हता, नॉर्मंड. पूर्वी तो पंचाच्या मर्जीवर होता, आणि एका संध्याकाळी पंचाची मर्जी नव्हती. रोलाँ उन्हात डोळे बारीक करून उभा होता. चेंडू आला तो त्याला दिसलाच नाही. मी तेव्हा गिरणीच्या दवाखान्यात नर्स होते. माझ्या भावाचं तोंड मांडीवर घेऊन मीच बसले होते. तेव्हापासून तुझा बाप डावीकडून आलेल्या माणसाला ओळखत नाही, म्हणून तू लहानपणी त्याची टिंगल करायचास. त्याने कधी कारण सांगितलं नाही. आज मी सांगतेय.

शुक्रवारी मी कुंपणाच्या फटीतून पाहत होते. येफ्री फलंदाजीला आला. तोच, जो मे महिन्यापासून माझ्या वरच्या खोलीत राहतो आणि माझ्या मटण भरलेल्या पाईवर व्हेनेझुएलाची तिखट चटणी ओतून तिचा सत्यानाश करतो. त्याने कपाळावर हात धरला, पंचाकडे पाहिलं, बॅट गवतावर ठेवली आणि शेजारी मांडी घालून बसला. पंचाने एक स्ट्राइक दिला, दुसरा दिला, तिसरा दिला, म्हणजे बाद. येफ्री बसूनच राहिला. बाक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तुझ्या कचेरीपर्यंत आवाज आला असेल. शनिवारी सकाळी तू त्याला काढून टाकलंस.

तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "सेन्योरा, मी भित्रा नाही." मी म्हटलं, "भित्रा असतास तर उभा राहिला असतास. पाई खा." त्याला तिकडे आई आहे, मुलगी आहे, आणि एकतिसाव्या वर्षी दुसऱ्या संघात कोण घेतो? त्याची खोली मी रिकामी केलेली नाही, करणारही नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. तुझ्या संघातला एकही खेळाडू हॉटेलात राहत नाही. ते आमच्या घरांत झोपतात, आमच्या ताटात जेवतात. काल आम्ही घरवाले सगळे माझ्याकडे जमलो. ठरलं असं, की येफ्रीला परत घेतलं नाहीस आणि थांबा परत आणला नाहीस, तर तुझ्या खेळाडूंची बोचकी तुझ्या अंगणात येतील. पोरांना विचारलंय, ती स्वतः उचलून आणणार आहेत. पहिला हात तुझ्या बापाने वर केला. तो आजच तुझ्या दारात यायला निघाला होता. बापाने पोराच्या दारात उभं राहून हे सांगावं, हे मला सोसवेना, म्हणून मी त्याला अडवलं आणि कागद घेतला. बुधवारी दुपारी बारापर्यंत अडवून धरीन, पुढे नाही. त्याआधी उत्तर लेखी हवं, तुझ्या सहीचं. फोन करू नकोस. फोनवर तू फार गोड बोलतोस.

तुझीच, आणि अजून तरी तुझ्याच बाजूची,
ओदील आत्या