समोरचं सगळं दिसतं

१४ तारीख, मंगळवार
दुकानातून, दुपारी

ती. ताईस नमस्कार.

इकडे सगळे ठीक, असं लिहून पहिली ओळ उरकायची माझी सवय; आज ती लिहवत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा वाचायचा चष्मा तयार आहे, कोणाबरोबर तरी पाठवतो.

धाकट्याचं ऑपरेशन गुरुवारी झालं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी म्हणतात. तिच्यात बोराएवढी गाठ झाली होती. कॅन्सर नाही. नाकातून दुर्बीण घालून काढली, डोक्यावर एक टाका नाही. मात्र गोळ्या आता जन्मभर, आणि एकही चुकवायची नाही, कारण शरीराला लागतं ते ती ग्रंथी पुरेसं बनवत नाही. त्याचा तो थकवा, सारखी थंडी वाजणं, आठवड्यातून एकदा दाढी केली तरी पुरणं, सगळं तिच्यामुळेच. दाढीवरून आम्ही त्याला किती चिडवलं होतं.

तू विचारशील, आधी कसं कळलं नाही.

गाठीने डोळ्यांच्या नसा दाबल्या होत्या. अशा माणसाला समोरचं स्वच्छ दिसतं, पण दोन्ही बाजूंचं जातं, आणि इतकं हळूहळू जातं की त्याचं त्यालाही समजत नाही. म्हणून तो दाराच्या चौकटीला धडकायचा, शेजारचा पेला सांडायचा. बससुद्धा तीनदा कडेने घासली आणि तिसऱ्या वेळी नोकरी गेली. शेवटी डोकेदुखी थांबेना म्हणून मोठ्या दवाखान्यात नेला. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं, माझ्या नाकाकडे बघा म्हणाल्या, आणि आपले हात दोन्हीकडे धरून एकेक बोट हलवलं. अर्ध्या मिनिटात त्यांना समजलं. त्या तपासणीला ना यंत्र लागलं, ना औषध.

ताई, बस चालवणाऱ्याला दरवर्षी नजरेचा दाखला लागतो. तो मी देत होतो. तीन वर्षं. तक्ता समोर टांगायचा, शेवटची ओळ वाचून घ्यायची आणि सही ठोकायची. शेवटची ओळ तो धडाधड वाचायचा. दोन वर्षांपूर्वी मला म्हणालाही होता, "दादा, बाजूने कोणी आलं की एकदम जमिनीतून उगवल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, तू नाकासमोर बघून चालणारा माणूस, तुला बाजूचं हवंय कशाला? दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली.

आता जे टाळत होतो ते लिहितो. धाकटा पिऊ लागलाय, असं गेल्या वर्षी मी तुला कळवलं. त्याला पिताना मी कधी बघितलं नाही, वाससुद्धा आला नाही. धडकतो, सांडतो, गाडी घासतो, म्हणजे दुसरं काय असणार, असं मीच ठरवून टाकलं. तू त्याच्याशी बोलणं सोडलंस. ताई कशावरून रागावली, हे तो अजून मला विचारतो. मी सांगितलेलं नाही.

नस फार दिवस दबून होती, त्यामुळे नजर किती परत येईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. सहा महिने वाट बघा म्हणतात. दुकानभर काचा आहेत माझ्या, त्यातली एकही त्याच्या उपयोगाची नाही.

काल तो म्हणाला, "तूच बघ रे तपासून." मी खाटेसमोर बसलो, माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हात दोन बाजूंना लांब धरले. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हललं. उजवीकडचं. दिसतंय मला, दादा. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

मी अजून एकही बोट हलवलं नव्हतं.

आणि मी त्याला "बरोबर" म्हणालो. हा माझा चौथा दाखला.

ये गं ताई. खोलीत शिरलीस की बाजूच्या खुर्चीवर बसू नकोस. पायथ्याशी, अगदी समोर उभी राहा, म्हणजे तुझा चेहरा त्याला स्वच्छ दिसेल. तेवढा वेळ रागावू नकोस. राग माझ्यासाठी ठेव.

तुझा
मधला

(दाखल्यांवर करतो ती सही इथे करवत नाही.)