गोडंबीच्या डब्यावरचा अंगठा

११ फेब्रुवारी

सातवं डिझाइनही नापास! ज्योत्स्ना मॅडमनी डबा हातात घेतला, फिरवला, टेबलावर ठेवून दिला. "प्रणाली, छान आहे. पण हा काजूचाही डबा असू शकतो, बदामाचाही." मग मी तीन महिने काय करतेय? विषय माझा मीच निवडला — अकोल्याच्या बचत गटाने बिब्बे फोडून काढलेली गोडंबी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. अठ्ठावीस मार्चला ज्युरी. तिथे उडाले तर वर्ष गेलं. पुण्याच्या दुकानवाल्या बाई डबा आवडला तर गटाचा माल घेऊ म्हणाल्यात, त्याही गेल्या.

एक गोष्ट मॅडमना सांगितलेली नाही. फाइलमध्ये लिहिलंय — मुख्य कारागीर : वच्छलाबाई, जुने शहर, अकोला. ती माझी आई आहे हे लिहिलेलं नाही. आता कोणत्या तोंडाने लिहू? पहिल्या वर्षी सगळे आपापल्या घरचं सांगत होते तेव्हा मी ठोकून दिलं, "आमची शेती आहे." शेती! बाबा गेले तेव्हापासून आमच्याकडे तुळशीच्या कुंडीत आहे तेवढीच माती.

१२ फेब्रुवारी

काही केलं नाही. पडून राहिले.

१५ फेब्रुवारी, अकोला

आईचं दर महिन्याचं ठरलेलं — "ये एक रोज, रेशन आणाचं हाय." दुकान घरापासून शंभर पावलांवर! आणि मी अमरावतीहून एसटीत हाडं खिळखिळी करत यायचं, रांगेत उभं राहायचं, मशीनवर अंगठा ठेवायचा, गहू-तांदूळ घरी टाकायचे नि परत पळायचं. कार्डावर दोघींची नावं, पण जायचं मीच. बाईसाहेबांची कारणं तरी किती! कधी गुडघे, कधी काम, कधी "तो दुकानवाला माह्याशी नीट बोलत नाही." माझ्याशी तर नीट बोलला. "तूच येत जाय बाई, पटकन होते काम."

दुपारी गटाचे फोटो काढले. लीलाबाई शेजारच्याच, आईच्या जोडीने फोडायला बसतात. त्यांनी आधीच बजावलं, "आमचे थोबाडं नको घेजो फोटोत. हातं घे." आईने मला दगडाजवळ फिरकू दिलं नाही. "तिकडंच बस. उडलं तं उतन." बिब्ब्याच्या टरफलात काळं तेल असतं, ते अंगावर उडालं की उततं — फोड येतात, आग आग होते. म्हणून हाताला राख चोळायची, दगडावर बिब्बा ठेवायचा, एक ठोका, टरफल बाजूला, आतली गोडंबी टोपलीत. राखेने सगळं थोडंच थांबतं! ठोका, ठोका, ठोका. मी ऐकूनच थकले. ती वीस वर्षं करतेय.

मला मात्र आयुष्यात एकदाही उतलं नाही. तिने कधी हात लावूच दिला नाही.

२० फेब्रुवारी

मॅडमनी फोटो बराच वेळ पाहिले. "हे हात डब्यावर टाकले तर गिऱ्हाईक घाबरेल." मला राग आला. कुणाचा आला ते कळलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. मग त्या म्हणाल्या, "पण माणूस हवा यात. अंगठ्याचा ठसा घेऊन बघ. करणारीची खूण."

हे सुचायला सात डबे लागले!

२ मार्च, अकोला

स्टँप पॅड घेऊन गेले. रेशन अजून आलं नव्हतं, म्हणजे पुन्हा हेलपाटा. आईसमोर पॅड उघडला तर तिने हातच मागे घेतला.

"अंगठा कावून? मले सही येते नं!"

आणि माझाच पेन घेऊन माझ्या स्केचबुकात लिहिलं, पूर्ण नाव, आडनावासकट. दोन वर्षं रात्रवर्गाला जात होती त्याची कमाई. अक्षरं एकमेकांना धरून उभी होती. मी म्हटलं, "अगं सही नको, डिझाइनसाठी ठसा पाहिजे." मग दिला. पण तोंड पडलं तिचं.

अकरा ठसे घेतले. अकराही वेळा निळा गोळा. रेघ म्हणून एक नाही! मी वैतागले, "नीट दाब ना!" — "दाबून राहिली नं व माय, अजून किती दाबू?" लीलाबाई हसायला लागल्या. "आमच्या अंगठ्यावर काय भेटन तुले? सारं बिब्ब्यानं खाल्लं." त्या हसल्या, आईही हसली. माझ्या डोक्यात एकच — असला गोळा डब्यावर शाई सांडल्यासारखा दिसणार.

४ मार्च

माझा अंगठा लावला. एका दमात आला! एकही रेघ तुटलेली नाही. रूममेट रागिणी कागद धरून उभी होती. "कुणाचा गं?" म्हणाली. म्हटलं, "कारागिराचा." इतकं सहज निघालं तोंडातून की मीच चमकले.

खाली ओळ घातली — ज्या हातांनी फोडली, त्या हातांची खूण.

६ मार्च

मॅडम : "आता बोलला डबा!"

१९ मार्च

सकाळीच आईचा फोन. "रेशन आलं. एकतीस तारखेच्या आत ये." डोळ्यांवर झोप, हाताला गोंद, साठ डबे कापायचे पडलेले. मी फटकन बोलले, "ज्युरी आहे आई! शंभर पावलं चालायला काय होतं तुला?"

मग म्हणाली, "बरं. नको येऊ. तुह्या कामात मी कावून बिब्बा घालू?"

फोन ठेवल्यावर हसू आलं. दिवसभर बिब्बे फोडणारी बाई हे बोलते! मग हसू गेलं. पण गेले नाही अकोल्याला. नाहीच जमलं.

२५ मार्च

साठ झाले. बोटं सुजली आहेत. कुणाशी बोलावंसंही वाटत नाही.

२८ मार्च

पास! नुसती पास नाही, वर्गात पहिली.

ज्युरीतल्या एका सरांनी डबा उचलला, ठशावरून बोट फिरवलं. "हा खरा ठसा आहे?" — "हो सर. आमच्या मुख्य कारागीर वच्छलाबाईंचा." — "प्रत्यक्ष भेटलात त्यांना?" — "हो सर. चार-पाचदा जाऊन आले." वच्छलाबाई! चार-पाचदा! जन्मल्यापासून जिच्या कुशीत झोपले तिला म्हणे मी भेटून आले. सरांनी मान डोलावली. पुण्याच्या बाई म्हणाल्या, दिवाळीचा माल धरा.

रागिणीने पेढे आणले. एक खाल्ला. बाकीचे तिलाच वाटायला सांगितले.

२ एप्रिल, अकोला

डबा आईच्या हातात दिला. पदराला हात पुसून मगच घेतला तिने. ओळ अक्षर-अक्षर लावून वाचली. मग ठसा डोळ्यांजवळ नेला.

"हा कोनाचा अंगठा?"

"तुझाच."

चिडली नाही. चुलीजवळ तांदळाचा डबा उपडा पडला होता. मार्चचं रेशन बुडालं, लीलाबाईंकडून दोन शेर आणले म्हणे. म्हटलं, गेली का नाहीस?

"गेली होती. तीनदा." गोडंबीचा डबा तिने जपून फळीवर ठेवला. "माह्या अंगठ्याले एवढ्या रेघा असत्या, तं तुले दर महिन्याले कावून बोलावलं असतं?"

३ एप्रिल

सकाळी रेशनच्या दुकानात जाऊन विचारलं, मागच्या महिन्याचं मिळेल का. नाही मिळत.

तिथूनच मॅडमना फोन केला. ठसा खोटा आहे म्हटलं, माझा आहे. त्या म्हणाल्या — ज्युरीला कळवावं लागेल. कळवा म्हटलं. डबा बदलतेय, ठशाच्या जागी सही येईल.

"कुणाची सही?"

"माझ्या आईची."