रुईच्या झाडाच्या, म्हणजे माझ्या पहिल्या पत्नीच्या, पुढील सोयीबाबत

मी, समर्थ खंडेराव गायखे, वय २८, धंदा फूलशेती, राहणार सायखेडा, जि. नाशिक, शुद्धीत असताना आणि कोणी भरीस न घालता हे लिहून ठेवतो. उद्या पंचवटीत माझी अक्कलदाढ काढायची आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात, पण भूल देणार आहेत.

१. घरामागची जागा आजीने माझ्या नावे केली होती. तिथे जांभळ्या फुलांची रुई आहे. माझ्या पत्रिकेत कडक मंगळ निघाला, तेव्हा सावळीराममामांनी गुरुजी बोलावून तिच्याशी माझे लग्न लावले. विधीनंतर झाड तोडायचे असते. पण पानोपानी पट्ट्यांच्या अळ्या होत्या. आजी म्हणाली, “लेकुरवाळीवर कोयता चालवतो का रे?” गुरुजींनी कोयता बाजूला ठेवायला लावला. त्या अळ्यांची केशरी फुलपाखरे झाली. ती अजून माहेरी येतात.

२. नंतर अंजलीशी ठरले. सासरे म्हणाले, सवतीवर मुलगी देणार नाही. अंजली झाड पाहून म्हणाली, “असू द्या की. सासूपेक्षा बरी, बोलत तर नाय.” आई तिथेच होती. तेव्हापासून आईही बोलत नाही.

३. ही जागा रुईलाच द्यायची होती, पण वकिलांनी तिचे आधारकार्ड मागितले. म्हणून जागा अंजलीला देतो. तिने पुन्हा लग्न करावे, माझी हरकत नाही. रुईचे मात्र लावू नये. चुलतभाऊ महेशलाही मंगळ आहे आणि तो विचारून गेला आहे.

४. फवारणीचा पंप महेशला. त्यात तणनाशक भरून त्याने परसात येऊ नये. लग्नात रुईला नेसवलेली साडी मामांना परत द्यावी. आता ती तिला आखूड पडते.

५. आईने शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पाने घ्यावीत, पण रुईला विचारून. चिकाचा हात डोळ्यांना लावू नये.

६. पिकअप उभी करायला वडील सगळ्या परसात पेव्हर ब्लॉक बसवणार आहेत. उद्या मी दवाखान्यात असताना गवंडी येणार आहे. वडील म्हणतात, “गाडीला जागा नाय अन् झाडाला बंगला.” जागा माझी आहे. मी भुलीत असलो तरी माझा नकार जागा आहे, असे समजावे.

सर्वांना वाचून दाखवून सही केली.

समर्थ खंडेराव गायखे
सायखेडा, ९ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:
१. हिरामण सानप, सासरे
२. खंडेराव गायखे, वडील. सहीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे: “ब्लॉक दीड हात सोडून बसवतो. मोठ्या सुनेला सांग.”