निधीवाली पाव्हणी

आये, परवा पाड्यावरून वीटभट्टीचा ट्रक गेला तेव्हा तुझी फार आठवण आली. दिवाळी झाली की मुकादम येतो, हातावर उचल ठेवतो आणि माणसं भांडीकुंडी घेऊन ट्रकमध्ये चढतात, ते अजून तसंच आहे. फरक एवढाच की पोरं चढली नाहीत. समाजमंदिराच्या पायरीवर उभी राहून ती हात हलवत होती, दोघं-तिघं भोकाड पसरून रडत होती आणि मी त्यांच्यामागे उभी होते. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. तुला यातलं काहीच ठाऊक नाही, म्हणून सांगायला बसले.

आम्ही पाड्यातल्या बायांनी मुलांचं घर काढलंय. आईबाप भट्टीवर गेले की मुलं इथेच राहतात, जेवतात, शाळेत जातात. आधी हे काम ठाण्याची एक मोठी संस्था करायची. माणसं वाईट नव्हती गं, पण निधी त्यांच्या नावावर, सगळं ठरवणार ते आणि आम्ही आपल्या खिचडी ढवळणाऱ्या. एका वर्षी त्यांनी काम आवरतं घेतलं आणि मुलं पुन्हा ट्रकमध्ये चढली. मग आम्हीच संस्था काढली, घरातलं किडूकमिडूक घालून कशीबशी चालवली. अशात कानावर आलं की एक निधी फक्त आदिवासींनी स्वतः चालवलेल्या संस्थांना देतात, थेट, मध्ये कुणी नाही. बाई गं, काय आनंद झाला आम्हाला! अर्ज केला, आणि निधीवाल्या मॅडम बघायला येणार म्हणून फोन आला.

इथेच आम्ही माती खाल्ली. पाव्हणी येणार म्हटल्यावर सगळा पाडा कामाला लागला. अंगणं सारवली. वज्रेश्वरीच्या मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या. मुलांना लग्नातले कपडे घातले, गावठी कोंबडा कापला, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. मॅडम म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोर, भिवंडीपासूनच्या खड्ड्यांनी पार खिळखिळी झालेली. पोटभर जेवली. जाताना माझे हात धरून म्हणाली, "ताई, किती छान चालवताय!" मला वाटलं, जिंकलं. आणि काल्हेरला गोदामांच्या गर्दीत गाडी अडकली असताना तिथूनच तिचा फोन, "ताई, सांगायला वाईट वाटतंय, पण तुमचं सगळं व्यवस्थित दिसतंय. आमची कमिटी म्हणेल, आधी जास्त गरजू असतील त्यांना द्या." तिचा आवाज खरंच रडवेला होता.

फोन ठेवला आणि मला तू दिसलीस. मी सात-आठ वर्षांची आहे, गुरुजी आपल्या दारात उभे आहेत, पोर शाळेत का येत नाही म्हणून विचारतायत. मी पटकन बोलून जाते, "घरात तांदूळ न्हाय गुरुजी, आयसंगं भट्टीवर जायाचं हाय." तू हसतेस. "पोर कायबी बोलते. बसा गुरुजी, च्या घ्या." शेजारून गूळ आणतेस, पत्ती आणतेस, कोरा चहा ठेवतेस. गुरुजी निर्धास्त होऊन जातात. त्यांची पाठ वळली रे वळली की तुझा धपाटा माझ्या पाठीत. "घरात काय हाय न् काय न्हाय, ते पाव्हण्याला कशाला सांगायचं गं?" त्याच आठवड्यात मी तुझ्याबरोबर ट्रकमध्ये चढले. रागावले नाही हं तुझ्यावर. तुझ्याकडे दुसरं होतं काय? ती इज्जत तेवढी होती.

मी मॅडमला फोन लावला. म्हटलं, "आम्ही तुम्हाला सणाचं घर दाखवलं. एकदा रोजचं बघायला या." ती कबूल झाली. दुसऱ्या पाड्यावरचा एक कार्यकर्ता मला सांगायला आला, या वेळी चूल पेटवू नका, पोरांना फाटके कपडे घाला. ते ऐकून आत्या, तुझी नणंद, जिच्याशी तुझं कधी पटलं नाही ती, अशी खवळली! "पाव्हणीला उपाशी धाडू? मंग त्यो पैसा माझ्या नरड्याखाली उतरंल का?" तेव्हा मुलं जेवतात तेच केलं, डाळ आणि भात. मॅडमचं जेवण झालं आणि मी तोंड उघडलं. खुर्च्या भाड्याच्या होत्या, कपडे मागून आणलेले, कोंबडा तिघींनी मिळून घेतला. आता जेवलात ते तांदूळ शेवटचे, आणि पैसे आले नाहीत तर दिवाळीनंतर ही सगळी पोरं भट्टीवर जातील. बोलताना माझी पाठ ताठ झाली होती. तुझा धपाटा येईल असं खरंच वाटत होतं.

मॅडम म्हणाली, "हे त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

आत्या म्हणाली, "तवा तुमी पाव्हण्या व्हता."

"आणि आज?"

"दुसऱ्यांदा आलात ना. आता घरच्याच."

ती पोर हसली आणि डोळेही पुसले तिने. कमिटीशी ती आमच्यासाठी भांडली असं नंतर कळलं. निधी आला, आमच्या संस्थेच्या नावावर आला, आणि पोरं राहिली. पाड्यात आता सगळे म्हणतात, तू धीट बोललीस म्हणून झालं. आत्यासुद्धा म्हणते, आणि ती कुणाला चांगलं म्हणत नाही हे तुला माहीत आहे.

पण हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, तर खरं काय ते लिहून टाकते. निघायच्या आधी मॅडम म्हणाली, "कोठीच्या खोलीचा एक फोटो घेऊ? कमिटीला दाखवायला." मी हो म्हटलं. ती मोबाइल आणायला गाडीकडे गेली. रिकामे डबे फळीवर उघडेच होते, आम्हीच तसे ठेवले होते. आये, तिची पावलं परत वाजली आणि मी भराभरा सगळ्या डब्यांना झाकणं लावून टाकली.