भुतांनी वाचलेला दिवाळी अंक

प्रिय दादा,
खराडीहून एका डोळ्याने जय भीम.

अक्षर सूनबाई दीपालीचं आहे, मतं माझीच. मंगळवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी कळवलं असतं तर दुखरा गुडघा घेऊन नागपूरहून निघाला असतास. मी ठणठणीत आहे. गुडघा कसा आहे?

राग एकाच गोष्टीचा आहे. चार दिवाळी अंक उशाशी पडलेत आणि डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस वाचायचं नाही. ऐन दिवाळीत!

पण काल मजा झाली. आमच्या सोसायटीत हल्ली हॅलोवीन नावाचा सण असतो. शेजारची पाच मुलं भुतं होऊन दारात आली. "चॉकलेट द्या, नाहीतर त्रास देऊ!"

"त्रास द्यायला डॉक्टर आहेत. आधी या रहस्यकथेचं एकेक पान वाचा."

सांगाडा म्हणाला, "आजी, आम्हाला मराठी स्लो येतं."

"मला कुठे घाई आहे? ताठ उभा राहा."

आठवतं, वर्गात मराठी बोलले म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मला बाकावर उभं केलं होतं? काल मी इंग्रजी शाळेतली पाच भुतं मराठी वाचायला उभी केली. फार बरं वाटलं.

चॉकलेटं संपली, खुनी काही सापडला नाही. आज तीच भुतं तोंडं धुऊन, चॉकलेट न मागता पुन्हा आली.

वहिनीला सांग, काळजी नको. वाचायची बंदी पंधरा दिवसांनी उठेल. भुतांना मात्र मी दोन महिने सांगितलेत.

तुझी तोंडाळ बहीण,
सुजाता